दंशाचा कर्ता

पिसाळलेला कुत्रा माणसाला चावतो, तेव्हा त्या कृत्याचा कर्ता कोण, हा प्रश्न आधुनिक वैद्यकापेक्षा फार जुना आहे. चावला कुत्रा, हे उघड दिसते. पण तोच कुत्रा पंधरवड्यापूर्वी त्याच माणसाच्या हातची भाकरी खात होता, त्याच्या पायाशी निजत होता. वैर नाही, भूक नाही, पिल्लांची राखण नाही, तरी तो धावून येतो. दोष कुत्र्याचा म्हणावा, तर तो शुद्धीवर नाही. चावलेल्याच्या प्राक्तनाचा म्हणावा, तर अजाण लेकराचा मृत्यू त्याच्याच मागल्या जन्माच्या नावे टाकावा लागतो. विषाणूचा म्हणावा, तर ज्याला मनच नाही त्याला पापी कसे ठरवायचे? रेबीजच्या विषाणूची प्रथिने आणि यजमान पेशीची प्रथिने यांच्यात नेमके काय घडते, याचे ज्ञान गेल्या चार दशकांत बरेच वाढले आहे. त्या ज्ञानाने हा प्रश्न मिटलेला नाही, उलट जास्त टोकदार झाला आहे. आणि भारतीय दर्शनांनी कर्तृत्वाविषयी जे सांगितले, ते त्याच्या उजेडात पुन्हा तपासण्याजोगे झाले आहे.

या तपासणीसाठी नाशिकसारखी जागा क्वचितच सापडेल. शहराच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी आहेत. तिथल्या तिसऱ्या लेण्यातील शिलालेखात गौतमी बलश्रीने ते लेणे भद्रयानीय भिक्षुसंघाला दिल्याची नोंद आहे. उत्तरेला म्हसरूळजवळ गजपंथ हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. पश्चिमेला त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी; गोदावरीचा उगम तिथला, आणि परंपरा सांगते की निवृत्तिनाथांना गहिनीनाथांचा अनुग्रह त्याच डोंगरातल्या गुहेत झाला. प्रदक्षिणेच्या वाटेवर वाघ समोर आला, कुटुंबाची पांगापांग झाली आणि वाट चुकलेला निवृत्ती गुहेत शिरला, अशी ती कथा. श्वापदाचे धावून येणे हा त्या कथेत कोणाचाही अपराध ठरत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये नाशिकला स्थापन झाले, आणि त्याचे आवार याच म्हसरूळमध्ये आहे. कर्मसिद्धान्त आणि आरोग्यविद्या यांचा इतका निकटचा शेजार दुसरीकडे सहसा दिसत नाही.

रोगाची ओळख या देशात प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, उंदराच्या विषाच्या अध्यायातच, पिसाळलेल्या जनावरांच्या विषाचे वर्णन येते. वायू कफाशी मिळून जनावराची संज्ञा वाहून नेणारी स्रोतसे बिघडवतो. त्याची शेपटी, जबडा आणि खांदे गळतात, लाळ वाहते, ते आंधळेबहिरे झाल्यासारखे धावत सुटते. ज्याला ते चावते तो पुढे त्या जनावरासारखे आवाज आणि हावभाव करू लागतो. पाण्यात किंवा आरशात त्याला तेच जनावर दिसू लागले, की ते मरणाचे लक्षण. पाण्याच्या नुसत्या दर्शनाने घाबरणे हा जलत्रास, आणि तोही असाध्य. या वर्णनातली सर्वांत मोलाची गोष्ट अशी, की सुश्रुताने बिघाड आधी जनावरात पाहिला. त्याच्या लेखी कुत्रा हा पहिला रोगी आहे. नंतरच्या लोकसमजुतीत ही दृष्टी पुसट झाली. चावलेला माणूस भुंकतो, त्याच्या पोटात पिल्ले होतात, त्याच्या अंगात काहीतरी शिरले आहे, अशा कल्पना रूढ झाल्या आणि त्यांच्यापोटी जखमेवर मिरची, चुना भरण्याचे प्रकार आले. अंगात शिरणारे काहीतरी असते, एवढी त्या समजुतीतली गोष्ट खरी निघाली. शिरणारे मात्र भूत नव्हते, वैरीही नव्हते.

रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो, लांबी मिलिमीटरच्या पाच हजारांश भागाच्या आसपास. आत आरएनएचा एक धागा, सुमारे १२,००० अक्षरांचा, आणि त्यावर फक्त पाच प्रथिनांचा मजकूर: एन, पी, एम, जी आणि एल. माणसाच्या पेशीकडे वीस हजारांच्या घरात प्रथिनांच्या कृती असतात. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर विषाणूला काहीही एकट्याने करता येत नाही. त्याची प्रथिने पेशीच्या यंत्रणेवर तयार होतात, त्यांना लागणारी ऊर्जा पेशीची, आणि बाहेर पडताना तो जे स्निग्ध आवरण पांघरतो, तेही पेशीच्याच पटलाचे असते. साबणाच्या पाण्याने जखम पंधरा मिनिटे धुतली की विषाणू मोठ्या प्रमाणात निकामी होतो, कारण साबण हे स्निग्ध आवरण मोडतो. म्हणजे त्याच्या देहातला जो भाग साबणाला बळी पडतो, तो मुळात त्याचा नव्हताच. ‘स्व’ आणि ‘पर’ यांची रेषा इथे पहिल्याच पायरीवर धूसर होते.

चावा बसल्यावर लाळेतून विषाणू स्नायूत उतरतो. त्याच्या अंगावरचे जी प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक प्रथिनांना चिकटते. स्नायू आणि चेतातंतू यांच्या सांध्यावरचा ॲसिटिलकोलिनचा ग्राही (रिसेप्टर) हा त्यांतला आधी सापडलेला. चेतापेशींना एकमेकींशी जोडून धरणारे एक प्रथिन आणि चेतापेशींच्या वाढीशी संबंधित असा पी-७५ ग्राही हे त्यानंतरचे. यांतले कोणतेही विषाणूसाठी घडलेले नाही. ॲसिटिलकोलिनच्या ग्राहीमुळे हात हलतो, पाऊल उचलते. पी-७५मुळे चेतातंतूला जगण्या-मरण्याचे संकेत मिळतात. पेशी विषाणूला आपल्या नेहमीच्या रीतीने पिशवीत घेते. पिशवीतली आम्लता वाढली की जी प्रथिनाचा आकार बदलतो, दोन पटले एकजीव होतात आणि आतला ऐवज पेशीत मोकळा होतो. चेतातंतूच्या टोकाशी हे होण्याआधीच पिशवीसकट प्रवास सुरू होतो. डायनिन नावाचे चालक प्रथिन एरवी चेतातंतूच्या टोकाकडून पेशीच्या गाभ्याकडे माल वाहून नेते. त्याच वाहतुकीतून विषाणू दिवसाला काही सेंटिमीटर अंतर कापत मेरुरज्जूकडे आणि मेंदूकडे सरकतो.

इथे एका उपकथेला जागा दिली पाहिजे. विषाणूचे पी प्रथिन डायनिनच्या एका लहान घटकाला, एलसी-८ला, घट्ट चिकटते असे दिसल्यावर पुष्कळांना वाटले की विषाणू वाहनाला कसा लटकतो याचे उत्तर सापडले. मग पी प्रथिनातली ती चिकटण्याची जागा काढून टाकून पाहिले, तरी विषाणू मेंदूपर्यंत पोहोचतच होता. एलसी-८चा उपयोग त्याला पुढे, मेंदूच्या पेशीत आपल्या आरएनएच्या प्रती काढताना होतो, असे नंतर दिसून आले. चिकटणे दिसले म्हणून कारण सापडले, असे होत नाही. दर्शनशास्त्रात कारण आणि केवळ साहचर्य यांचा भेद नैयायिकांनी इतक्या बारकाईने का केला, ते अशा प्रसंगी कळते. ‘हे होते म्हणून ते झाले’ ही घाई विज्ञानातही होते आणि प्राक्तनाच्या बोलण्यातही.

चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा एक ते तीन महिने जातात, कधी वर्षाहून जास्त. या काळात रोगी हिंडतोफिरतो, कामावर जातो. शरीराला चाहूल का लागत नाही, याचे उत्तरही प्रथिनांच्या गाठीभेटींत आहे. पेशीत परका आरएनए दिसला की धोक्याची वर्दी देणारी साखळी सुरू होते आणि इंटरफेरॉन तयार होते. पी प्रथिन ही साखळी दोन जागी तोडते. आधी ते वर्दी देणाऱ्या प्रथिनाला जागे होऊ देत नाही, त्यामुळे इंटरफेरॉन कमी तयार होते. आणि दुसऱ्या पेशीकडून इंटरफेरॉनचा निरोप आलाच, तर तो केंद्रकात नेणाऱ्या स्टॅट-१ आणि स्टॅट-२ या निरोप्यांना ते बाहेरच धरून ठेवते. शिवाय हे धरणे स्टॅट निरोप घेऊन निघाल्यावर होते. रिकाम्या हाताने बसलेल्या स्टॅटकडे पी फारसे लक्ष देत नाही. इतकी अचूकता पाहिली की हेतूची भाषा आपोआप तोंडी येते. विषाणू ‘फसवतो’, ‘लपतो’, ‘डाव टाकतो’. पण पी प्रथिनाला कोणी शिकवलेले नाही. असंख्य पिढ्यांत ज्या विषाणूंचे पी असे चिकटले, त्यांचा वंश टिकला, एवढेच. हेतूवाचून हेतूसारखी दिसणारी कृती घडू शकते, हे कर्तृत्वाच्या चर्चेत फार महत्त्वाचे आहे.

याहून विलक्षण गोष्ट मेंदूच्या पेशीत घडते. सामान्यतः विषाणूग्रस्त पेशी स्वतःला संपवते. पेशीचा हा नियोजित मृत्यू शरीराच्या हिताचा असतो. एक पेशी जाते, शेजारच्या वाचतात. रेबीजने मेलेल्या माणसाच्या मेंदूत मात्र अपेक्षेइतकी मोडतोड आढळत नाही. पेशी जाग्यावर असतात, पण काम करत नाहीत. याचे एक कारण जी प्रथिनाच्या शेवटच्या चार अमिनो आम्लांत सापडले. पेशीच्या आत राहणारे हे टोक मास्ट-२ नावाच्या यजमान प्रथिनाशी जुळते आणि त्यामुळे पेशीच्या जगण्याला अडवणारी एक यंत्रणा सैल पडते. पेशी मरायचे टाळते. लशीसाठी सौम्य केलेल्या एका वाणात या चारांपैकी फक्त एक आम्ल वेगळे आहे, ग्लुटामेटच्या जागी ग्लुटामिन. तेवढ्या फरकाने त्या टोकाला पेशीतली आणखी प्रथिनेही जुळू लागतात आणि पेशी मरणाच्या मार्गाला लागते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले हे काम सांगते की घातक वाण पेशीला जगवतो आणि सौम्य वाण पेशीला मारतो. पेशी मेली तर प्राणी वाचण्याची शक्यता वाढते. पेशी जगली तर प्राणी मरतो.

जगणे हेच श्रेय मानणाऱ्या कोणत्याही नीतिविचाराला हे अडचणीचे आहे. ज्या पातळीवर पाहावे त्या पातळीवर हित बदलते. पेशीचे हित आणि देहाचे हित एकच नसते, हे एरवी कर्करोगात दिसते, पण तिथे पेशीच बिघडलेली असते. इथे पेशी निरोगी असल्यासारखी टिकवून धरली जाते, आणि हे टिकणेच घातक ठरते. मेंदूत पोहोचलेल्या संरक्षक टी-पेशींची गतही अशीच. बाधित चेतापेशी आपल्या पृष्ठभागावर असे संकेत मांडते की मदतीला आलेल्या टी-पेशीच मरून जातात. एरवी नाजूक मेंदूला दाहापासून जपण्यासाठी देहाने राखलेला हा संयम; रेबीजमध्ये त्याच संयमाचा तोटा होतो. बाहेरून आलेल्या शत्रूने घर लुटले, असे हे चित्र नाही. देहाचेच गुण, देहाच्याच मर्यादेत, देहाच्या नाशाला कारण होतात.

मेंदूच्या पेशींत दिसणारे गोलसर ठिपके अडेल्की नेग्री याने १९०३ मध्ये वर्णिले. त्याला ते एखादे परजीवी जंतू वाटले होते. वस्तुतः विषाणूची एन आणि पी प्रथिने एकत्र येऊन पेशीद्रवात द्रवाचेच थेंब तयार करतात आणि त्यांत विषाणूच्या प्रती निघतात; ते थेंब द्रवरूप असल्याचे २०१७ मध्ये दाखवले गेले. त्या थेंबांत यजमानाचीही प्रथिने ओढली जातात. नेग्रीने ज्याला दुसरा जीव मानले, ती विषाणू आणि पेशी यांची मिळून झालेली जागा होती.

आता मूळ प्रश्नाकडे: कुत्र्याचा राग कोठून येतो? जी प्रथिनाचा एक तुकडा नागाच्या चेताविषाशी मिळताजुळता आहे. नागाचे विष ॲसिटिलकोलिनच्या ज्या ग्राहीला अडवते, त्यालाच हा तुकडाही चिकटतो. स्नायूत त्याचा उपयोग प्रवेशासाठी होतो, पण तसेच ग्राही मेंदूतही आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत विषाणू न वापरता फक्त हा तुकडा उंदरांच्या मेंदूत सोडला, तेव्हा त्यांची धावपळ वाढली. त्यातून कुत्र्याच्या चाव्याचा सगळा उलगडा होतो असे म्हणणे धाडसाचे ठरेल; मेंदूच्या खोडातले आणि भावनांच्या केंद्रातले बिघाड, तिथल्या रासायनिक निरोपांतली गडबड, हेही त्यात आहेच. पण काही अमिनो आम्लांचा एक तुकडा प्राण्याचे वागणे बदलू शकतो, हे आता नाकारता येत नाही. त्याच सुमारास विषाणू चेतातंतूंतून उलट बाहेर येऊन लाळग्रंथीत भरतो. चावण्याची ओढ आणि लाळेतला विषाणू यांची वेळ जुळते, घसा आखडल्याने लाळ गिळली जात नाही आणि दंशातून विषाणू पुढच्या देहात जातो. साखळीत एकाही जागी कोणी ठरवून काही करत नाही.

बौद्ध विचाराला हे ऐकून नवल वाटणार नाही. त्रिरश्मीच्या भिक्षूंनी ज्या परंपरेत दीक्षा घेतली, तिचा गाभा प्रतीत्यसमुत्पाद: सर्व काही कारणसमुच्चयातून उपजते, त्यामागे नित्य असा ‘मी’ सापडत नाही. या सिद्धान्ताचा व्यवहारातला परिणाम विनयात, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांत, दिसतो. पाली विनयपिटकात नियमभंगाच्या प्रकरणांत पुन्हा पुन्हा सूट सांगितली आहे: वेड लागलेल्याला, चित्त विक्षिप्त झालेल्याला, वेदनेने व्याकूळ झालेल्याला आपत्ती, म्हणजे दोष, लागत नाही. गग्ग नावाच्या वेड्या भिक्षूचे प्रकरण तिथे आहे. तो उपोसथाला, म्हणजे संघाच्या ठरलेल्या सभेला, कधी येई, कधी नाही, आणि संघाने त्याच्यासाठी वेगळा ठराव केला. चेतनेशिवाय कर्म नाही, म्हणून चित्त ठिकाणावर नसताना घडलेल्याचा दोष नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्येही हाच विवेक आहे, आणि त्याआधी दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये होता. माणसाला मिळणारी ही सूट पिसाळलेल्या कुत्र्याला का मिळू नये, याला तर्काने उत्तर देता येत नाही.

वैदिक परंपरेत या बाबतीत एक सुंदर साक्ष आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराबरोबर चालणारा कुत्रा सर्वांना ठाऊक असतो. आदिपर्वात, कथेच्या आरंभालाच, दुसरा कुत्रा आहे. जनमेजय राजाच्या यज्ञसत्रात सरमा या कुत्रीचा पोर शिरतो. त्याने हविर्भागाकडे पाहिलेलेही नसते, चाटलेले तर नाहीच, तरी राजाचे भाऊ त्याला मारतात. सरमा येऊन विचारते, याचा अपराध काय? कोणी उत्तर देत नाही. अपराध नसता मारलेत म्हणून अवचित भय तुमच्यावर येईल, असे ती सांगून जाते. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे चार वेद म्हणून बसलेले असतात, खंडोबाबरोबर कुत्रा असतो, नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावतो. पण सरमेचा प्रश्न या सगळ्यांहून रोखठोक आहे, कारण तो भक्तीचा नसून न्यायाचा आहे.

कर्तृत्वाची चिरफाड गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. कोणत्याही कर्माला पाच कारणे: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, निरनिराळी करणे, त्यांच्या नाना चेष्टा, आणि दैव. केवळ स्वतःलाच कर्ता मानणारा नीट पाहत नाही. रेबीजच्या दंशाला हे लावून पाहिले तर देह कुत्र्याचा, करणे त्याचे दात आणि मज्जासंस्था, चेष्टा चेतातंतूंतल्या प्रथिनांच्या. दैवाच्या जागी अशा गोष्टी येतात ज्या कोणाच्याच हातात नव्हत्या. कर्त्याची जागा मात्र रिकामी राहते. विषाणूला तिथे बसवण्याचा मोह होतो, पण पेशीबाहेरचा विषाणू काहीच करत नाही, आणि पेशीत शिरल्यावर जे घडते ते पेशीच करते. गीतेचा उद्देश अहंकार उतरवणे हा आहे, पण तिची मांडणी या रोगाच्या वर्णनाला इतकी जुळते की तिचे बळ नव्याने जाणवते.

जैन दर्शनाची वाट वेगळी, आणि एका अर्थी जीवशास्त्राच्या सर्वांत जवळची. गजपंथाला जी साधना मुक्तीपर्यंत पोहोचली असे मानतात, तिच्या सिद्धान्तात कर्म हे सूक्ष्म द्रव्य आहे. पुद्गलाचे कण जीवाला चिकटतात, आणि मोहनीय कर्माने दृष्टी आणि आचरण दोन्ही झाकोळतात. शास्त्रकार त्याला मद्याची उपमा देतात. जडाने चेतनाला झाकता येते, हे जैनांना पटवून द्यावे लागत नाही. पण इथे एक काळजी घ्यायला हवी. कर्मपुद्गल जीवाच्या स्वतःच्या कषायांमुळे चिकटतात, विषाणू चाव्यामुळे. दोन्ही एक मानले तर पुन्हा रोग्याच्या माथी दोष येतो. जैन आचारशास्त्राने दिलेला दुसरा विवेक अधिक उपयोगाचा आहे. गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. ठरवून केलेली संकल्पी हिंसा गृहस्थालाही वर्ज्य. संरक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा त्याला अपरिहार्य म्हणून सोसावी लागते. मुलावर धावून आलेल्या कुत्र्याला अडवणे विरोधी हिंसेत बसते. त्याच्यावरच्या रागापायी गल्लीतले सगळे कुत्रे विष घालून मारणे संकल्पीत जाते, आणि त्याला आधार राहत नाही.

हा विवेक न ठेवल्याने काय होते, त्याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण १८३२ सालचे आहे. मुंबईत उन्हाळ्यात बेवारस कुत्रे मारण्याचा कंपनी सरकारचा हुकूम होता आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. पैशाच्या लोभाने पाळलेले कुत्रेही दारातून ओढून नेले जाऊ लागले. ६ जून १८३२ रोजी पारशांनी त्याविरुद्ध दंगा केला, दुकाने बंद झाली, कोटातल्या शिपायांची रसदही अडली. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा सगदीद विधी त्यांच्या अंत्यसंस्कारात आहे. वेंदीदाद या त्यांच्या ग्रंथात पिसाळलेल्या कुत्र्याविषयी स्वतंत्र नियम आहे: त्याच्या गळ्यात लाकडी पट्टा घालून त्याला बांधावे, आणि धर्मनिष्ठ माणसावर करतात तसे त्याच्यावर उपचार करावेत. म्हणजे बंधन आहे आणि शुश्रूषाही, शिक्षा नाही. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी मुंबईची पांजरापोळ उभारली. भारतातील प्राणी जन्म नियंत्रण नियमांत २००१ मध्ये जी तरतूद आली, संशयित पिसाळलेल्या कुत्र्याला वेगळे ठेवून नैसर्गिक मृत्यू येऊ द्यावा, ती वेंदीदादच्या नियमापासून फार दूर नाही.

कुत्र्याला निर्दोष म्हटले की माणसाचा मृत्यू हलका होतो, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. रेबीजचे मरण भयंकर असते. भारतात दरवर्षी हजारो माणसे त्याने मरतात, त्यांत मुलांचा वाटा मोठा, आणि बहुतेक घरे गरिबांची. त्या घरांना भूतदयेचे प्रवचन देणे क्रूर आहे. पण दोष नसणे आणि जबाबदारी नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चावणारा शुद्धीवर नसतो. त्याच्या भोवतीचे सगळे शुद्धीवर असतात. कुत्र्याला लस टोचली नव्हती, कचरा उघडा पडला होता, आरोग्य केंद्रात सीरम नव्हते, घरच्यांनी जखमेवर चुना भरून दोन दिवस घालवले: यातल्या प्रत्येक ठिकाणी चेतना होती आणि निवड होती. कर्म चेतनेत असेल, तर या दंशाचे कर्म तिथे शोधावे लागते.

प्राक्तनाचा युक्तिवाद इथेच गळून पडतो. योगवासिष्ठाच्या मुमुक्षुप्रकरणात दैव म्हणजे पूर्वीचा प्रयत्नच, आणि आजचा प्रयत्न त्याला मागे सारू शकतो, असा जोरदार पक्ष मांडला आहे. रेबीजइतका त्याला अनुकूल रोग दुसरा नाही. लक्षणे दिसल्यावर जवळजवळ कोणी वाचत नाही. त्याआधी योग्य उपचार वेळेवर झाले, तर जवळजवळ कोणी मरत नाही. विषाणू स्नायूतून चेतातंतूत शिरण्यापूर्वी जखमेत सोडलेले सीरममधले प्रतिपिंड जी प्रथिनाला झाकतात आणि ते ग्राहीपर्यंत पोहोचत नाही. लशीने देह पुढे स्वतःचे प्रतिपिंड बनवतो. दंडात पहिल्या दिवशी, मग त्यानंतरच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी अशा सुया घेतात. पोटातल्या चौदा सुयांची भीती अजून लोकांच्या मनात आहे, पण मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. तिच्यातल्या मेंदूच्या प्रथिनांमुळे काही रोग्यांचा देह स्वतःच्याच मज्जेवर उलटत असे, आणि त्या लशीपायी मेंढ्यांचे बळी जात ते वेगळेच. पेशीसंवर्धनावर केलेल्या आजच्या लशीने या दोन्ही हिंसा पुष्कळ कमी केल्या.

कुत्र्यांच्या बाबतीत दया आणि सुरक्षा यांची फारकत व्हायला नको, हे गोव्याने दाखवले. तिथे २०१३ पासून मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून कुत्र्यांना घरोघर, गल्लोगल्ली लस टोचली. एखाद्या भागातले सत्तर टक्के कुत्रे लसवंत झाले की विषाणूची साखळी तुटते, हे सूत्र. २०१८ पासूनची काही वर्षे तिथे माणसाचा रेबीजने मृत्यू झाला नाही आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले. ठार मारल्याने हे साधत नाही, कारण रिकाम्या झालेल्या गल्लीत लस न घेतलेले नवे कुत्रे येतात. नाशिकला सिंहस्थ कुंभमेळ्यात गोदाघाटावर लाखोंची गर्दी होते. रामकुंडाच्या परिसरातल्या, तपोवनातल्या आणि त्र्यंबकच्या वाटेवरच्या कुत्र्यांना त्याआधी लस मिळणे हे अन्नछत्राइतकेच धर्मकृत्य मानायला हवे.

उरतो तो रोगी माणूस. त्याच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. उग्र रेबीजमध्ये झटके येतात, घसा आखडतो, वाऱ्याच्या झुळकीनेही अंग थरथरते. पण मधल्या वेळात तो पुष्कळदा पूर्ण भानावर असतो. नाव ओळखतो, मुलांची चौकशी करतो, तहान लागली म्हणतो आणि पेला जवळ आला की मान फिरवतो. ज्या विषाणूने पेशी मारल्या नाहीत, त्यानेच हे भान शिल्लक ठेवलेले असते. आत्मा मानणाऱ्याला यात साक्षी अलिप्त राहिल्याचा पुरावा दिसेल, अनात्मवाद्याला स्कंधांचे विसकटणे दिसेल. हा वाद या रोगाने सुटत नाही. व्यवहारात मात्र दोन्ही पक्षांना एकच गोष्ट करावी लागते. त्याला भुंकणारे जनावर समजून दार लावून घेणे चूक आहे. हातमोजे, मास्क आणि चष्मा घातलेल्या शुश्रूषकाला त्याच्याजवळ बसता येते. अंधारी, शांत खोली, गुंगीचे आणि वेदनाशामक औषध, आणि नावाने मारलेली हाक एवढे त्याला देता येते.

आणि चावलेला कुत्रा, जो पिसाळलेला आहे की नाही हे अजून कोणालाच ठाऊक नसते, त्याला बांधून दहा दिवस पाहतात. लाळेत विषाणू असेल, तर तो कुत्रा या मुदतीत आजारी पडून मरतो. दहाव्या दिवशी तो धडधाकट असेल, तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. चावलेल्या माणसाची लस या निर्णयासाठी थांबवत नाहीत, ती पहिल्या दिवशीच सुरू होते. लोकांनी त्याच दिवशी काठ्यांनी कुत्र्याला मारले, की कळण्याचा हा मार्ग बंद होतो, आणि सरमेच्या प्रश्नाला उत्तर देणारा कोणी राहत नाही.